आडनावाची खरेदी आणि पहाणीवरचा बोजा



लगनसराई संपली की निंबर्ग्यापासून आळंदपर्यंत आणि तिकडे बसवकल्याण-भालकीपर्यंत आपल्या घराघरांत एकच हिशेब सुरू होतो. मांडव उतरलेला असतो, पाहुणे गेलेले असतात, आणि आडत दुकानाच्या वहीत घराच्या नावावर एक नवे पान उघडलेले असते. त्या पानाबद्दल चारचौघांत कोणी बोलत नाही. मानपान नीट झाला, बस्ता सोलापूरचा होता, पंगतीत काही कमी पडले नाही, एवढेच बोलले जाते. या अंकात आम्ही त्या न बोलल्या जाणाऱ्या पानाबद्दल लिहिणार आहोत. काहींना राग येईल. येऊ द्या.

आमचे म्हणणे सुरुवातीलाच सांगतो. आपली जुनी घराणी गरज पाहून खरेदी करत नाहीत, ऐपत पाहूनही करत नाहीत. ती आडनाव पाहून खरेदी करतात. पणजोबांच्या काळी घर ज्या दर्जाचे होते त्या दर्जाची खरेदी पणतू आज करतो, आणि फेडतो मात्र आजच्या पाच एकरांतून. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही असे आपण दुसऱ्याला म्हणतो. तो पीळ आता आपल्याच पहाणीवर बोजा होऊन चढतो आहे.

बाजाराला आपली पायरी ठाऊक आहे

माणूस काय विकत घेतो हे त्याच्या वर्गावर ठरते, हे आता नवे राहिलेले नाही. एंगेल नावाच्या जर्मन संख्याशास्त्रज्ञाने १८५७ मध्येच दाखवले की घर जितके गरीब तितका त्याच्या खर्चातला मोठा वाटा अन्नावर जातो, आणि उत्पन्न वाढले की तो वाटा घटतो. आपल्या देशातही तेच दिसते. सरकारी पाहणीनुसार १९९९-२००० साली ग्रामीण घराच्या खर्चातले सुमारे ५९ टक्के अन्नावर जात. २०२३-२४ च्या पाहणीत तो आकडा सुमारे ४७ टक्क्यांवर आला. म्हणजे पोट भरून जे उरते ते वाढले. हे उरलेले कशावर खर्च करायचे, येथूनच वर्गाचा खरा खेळ सुरू होतो.

हा खेळ कंपन्यांना आपल्यापेक्षा चांगला कळतो. बाजाराचा अभ्यास करणाऱ्यांनी २०११ मध्ये भारतातल्या घरांच्या बारा पायऱ्या केल्या. घरातल्या मुख्य कमावत्या माणसाचे शिक्षण किती, आणि अकरा गोष्टींपैकी किती गोष्टी घरात आहेत, या दोनच प्रश्नांवर घराची पायरी ठरली. त्या अकरा गोष्टी अशा: वीज, पंखा, गॅस, दुचाकी, रंगीत टीव्ही, फ्रीज, कपडे धुण्याचे यंत्र, संगणक, मोटार, एसी, आणि अकरावी शेतजमीन. नीट वाचा. त्या यादीत पाटीलकी नाही, देशमुखी नाही, कुळकर्ण नाही, वाड्याची कमान नाही. लग्नात किती पंगती उठल्या हे तर नाहीच. शेतजमीन मात्र आहे आणि पायरी ठरवताना कमावत्या माणसाचे शिक्षण आहे.

आपण काय करतो? जी गोष्ट यादीत नाही तिच्यासाठी यादीतली अकरावी गोष्ट गहाण टाकतो. आधी गहाण, मग खरेदीखत. मुलाच्या शिक्षणाची फी भरायची वेळ आली की मात्र "यंदा जमत नाही" म्हणतो.

दर्जा गेला, खर्चाचा साचा राहिला

हे कसे झाले ते समजून घेतले पाहिजे, कारण आपली माणसे मूर्ख नाहीत. निजामाच्या राज्यात या भागात जमीन, वतन आणि सरकारदरबारचा शब्द हे तिन्ही एकाच घरात असे. लग्नातला मोठा खर्च त्या काळी निव्वळ हौस नव्हती. गाव जेवायला येई, बलुतेदारांना आहेर जाई, आणि त्या बदल्यात वर्षभर गावाची चाकरी आणि निष्ठा त्या घराला मिळे. खर्च ही सत्तेची फी होती असे म्हणा ना. तो न्याय होता असे आम्ही म्हणत नाही, अन्यायच होता. पण त्यात हिशेब होता.

पुढे तो हिशेब एकेक करून मोडला. सप्टेंबर १९४८ मध्ये हैदराबाद संस्थान भारतात आले. १९४९ मध्ये जहागिऱ्या गेल्या. १९५० च्या हैदराबाद कूळ कायद्याने कुळांना संरक्षण मिळाले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी आपण म्हैसूर राज्यात गेलो आणि कचेरीची भाषा बदलली. ज्या घरातले दप्तर मराठी-मोडीत चाले, त्या घराला तहसीलमध्ये अर्ज लिहून घ्यायला दुसऱ्याकडे जावे लागू लागले. १९६१ च्या कायद्याने गावकीची वंशपरंपरागत पदे संपली. १९७४ मध्ये देवराज अर्स यांच्या काळात कूळवहिवाटीची जमीन कसणाऱ्याच्या नावावर गेली. जे उरले त्याच्या दोन-तीन पिढ्यांत वाटण्या झाल्या.

कसणाऱ्याला जमीन मिळाली हे योग्यच झाले. त्यावर रडगाणे गाण्यासाठी हा लेख नाही. मुद्दा इतकाच की सत्तेची फी भरून जी सत्ता मिळत होती ती ५०-६० वर्षांपूर्वीच गेली, आणि आपण फी अजून भरतो आहोत. दुकान बंद झाले, वर्गणी चालू आहे.

बस्ता: एक उघडा हिशेब

सगळ्यात स्पष्ट उदाहरण बस्त्याचे घ्या. लग्न ठरले की जीप किंवा टेम्पो ठरतो आणि दोन्हीकडची पंधरा-वीस माणसे सोलापूरला निघतात. आळंद किंवा कलबुर्गीत कापड मिळत नाही असे नाही. पण "बस्ता कुठला?" या प्रश्नाला "आळंदचा" असे उत्तर देण्याची आपल्या घरात कोणाची हिंमत नाही. मग गाडीभाडे, दिवसभराचे जेवणखाण, आणि दुकानात गादीवर बसल्यावर चहा आला, थंड आले, शेठने वडीलधाऱ्यांना नमस्कार केला की हिशेबाची जीभ तिथेच बांधली जाते. विहिणीसमोर "यापेक्षा हलकी दाखवा" म्हणायचे कोणी?

बस्त्याच्या ढिगाकडे लक्ष देऊन पाहा. समाजाची उतरंड त्यात घडी घालून ठेवलेली असते. नवरीचा शालू वेगळा. विहिणीची साडी एका भावाची, मामी-आत्यांच्या त्याहून खालच्या, चुलत घराच्या आणखी खालच्या. त्यांच्याखाली "देण्याघेण्याच्या" साड्यांचा गठ्ठा, आणि सगळ्यांच्या खाली कामवाल्या बाया आणि शेतावरच्या गड्यांच्या बायकांसाठी घेतलेला माल. कोणाला कुठल्या गठ्ठ्यातून द्यायचे यावर जी भांडणे होतात ती साडीवरून होत नाहीत. आपण कुठल्या पायरीवर बसवले गेलो यावरून होतात.

त्या देण्याघेण्याच्या साड्यांचे पुढे काय होते हे प्रत्येक माउलीला ठाऊक आहे. ती साडी कोणी नेसत नाही. घडी न मोडता ट्रंकेत जाते, पुढच्या लग्नात दुसऱ्या घरी जाते, तिथून तिसऱ्या. कधी कधी फिरून मूळ घरी परत येते. टॉवेल-टोपीचे तेच. म्हणजे कोणाच्या अंगाला न लागणाऱ्या कापडासाठी प्रत्येक घर रोख पैसा मोजते किंवा उधार घेते, आणि कमावतो फक्त दुकानदार. त्याचा तो धंदा आहे, त्याला दोष नाही. गिऱ्हाइकाला दोष आहे.

१८९९ साली वेब्लेन नावाच्या अमेरिकन अर्थतज्ज्ञाने धनिकांच्या दिखाऊ खर्चावर पुस्तक लिहिले. वस्तू वापरण्यासाठी नव्हे, तर ती परवडते हे दाखवण्यासाठी घेतली जाते, असा त्याचा सिद्धान्त. तो बिचारा सोलापूरला आला असता तर एक गोष्ट नवीन शिकला असता: न परवडणारी वस्तूसुद्धा परवडते हे दाखवण्यासाठी घेता येते.

उचल, व्याज आणि तूर

आता पैसा कुठून येतो ते पाहू. आपला भाग तुरीचा. कलबुर्गीच्या तूरडाळीला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, त्याचा आपल्याला अभिमान आहे. पण अभिमानाने व्याज फिटत नाही.

समजा एका घराकडे पाच एकर कोरडवाहू आहे. पाऊस बरा झाला तर एकरी पाच क्विंटल धरा. पंचवीस क्विंटल झाली. २०२५-२६ चा तुरीचा हमीभाव क्विंटलला ८,००० रुपये. तोच भाव मिळाला असे धरले तरी दोन लाख रुपये हाती. यातून बियाणे, पेरणी, फवारणी, काढणी जायची आहे. आता त्याच घराने मुलीच्या लग्नासाठी पाच लाखांची उचल घेतली आणि व्याज शेकडा दरमहा दोन रुपये असेल, तर महिन्याला दहा हजार, वर्षाला एक लाख वीस हजार. मुद्दल तसेच. दोन लाखांतले एक लाख वीस हजार व्याजात गेल्यावर उरलेल्या ऐंशी हजारांत शेतीचा खर्चही भागत नाही, घरखर्च तर दूरच. तिसऱ्या वर्षी जमीन विकली जाते आणि लोक म्हणतात, "दिवस फिरले." दिवस फिरले नाहीत. बेरीज-वजाबाकी फिरली.

त्यात आणखी एक गाठ असते. ज्याच्याकडून उचल घेतली त्याच्याच दुकानी माल घालावा लागतो. सुगीत सगळ्यांची तूर एकदम येते आणि भाव बसतो. ज्याच्यावर बाकी नाही तो पोती घरात ठेवतो, दुधनी, आळंद, कलबुर्गी, जिथे भाव बरा तिथे माल नेतो, सरकारी खरेदी केंद्रासाठी थांबतो. ज्याच्यावर बाकी आहे त्याला थांबता येत नाही. म्हणजे लग्नाचा खर्च पुढच्या प्रत्येक सुगीत पट्टीवर वजा होत राहतो.

सोन्याचेही बोलू. "सोने म्हणजे खर्च नव्हे, ठेव आहे," असे वडीलधारे सांगतात. अर्धे खरे आहे. २०२० च्या सुरुवातीला दहा ग्रॅमला चाळीस हजारांच्या आसपास असलेला भाव २०२५ मध्ये लाखावर गेला. पण हा फायदा कोणाचा? ज्याने स्वतःच्या पैशाने घेतले आणि घरात ठेवले त्याचा. उसन्या पैशाने घेतले, वर घडणावळ आणि तीन टक्के कर दिला, आणि दोन वर्षांत तेच सोने गहाण टाकले किंवा मोडले, त्याला ठेव म्हणायचे काय? मोडताना घडणावळ परत मिळत नाही, हे सराफाच्या पायरीवर पोहोचल्यावरच आठवते.

लग्नानेच शेतकरी बुडतो असे सांगणाऱ्यांच्या रांगेत आम्हाला उभे करू नका. १८७५ मध्ये पुणे-नगर भागात सावकारांविरुद्ध दंगे झाले. त्यांची चौकशी करणाऱ्या आयोगानेही नोंदवले होते की कर्जाचे कारण म्हणून लग्नखर्चाला लोक वाजवीपेक्षा जास्त महत्त्व देतात. महात्मा फुले यांनीही शेतकऱ्याच्या दारिद्र्याचे खापर त्याच्या लग्नावर फोडणाऱ्यांना खडसावले होते. भाव, पाऊस, पाणी, सरकारी धोरण ही मोठी कारणे आहेतच, आणि त्यासाठी भांडत राहू. पण पाऊस आपल्या हातात नाही. बस्ता आहे.

"तेसुद्धा आता घ्यायला लागलेत!"

आपल्या ओट्यांवर आणखी एक वाक्य फार ऐकू येते, आणि ते आम्हाला सर्वांत जास्त बोचते. "त्यांच्याकडेसुद्धा आता फ्रीज आलाय." "त्यांची पोरेसुद्धा बुलेटवर फिरतात." 'त्यांची' म्हणजे कोणाची हे सांगावे लागत नाही. कर्नाटक सरकारची गृहलक्ष्मी योजना ऑगस्ट २०२३ मध्ये सुरू झाली, कुटुंबप्रमुख बाईच्या खात्यावर महिन्याला दोन हजार येऊ लागले, तेव्हा तर आपल्या काही मंडळींना जणू अर्थशास्त्रच सुचले. "फुकटच्या पैशाने वस्तू घेतात, उधळतात!"

आमचा सरळ प्रश्न आहे. मजुरी करणाऱ्या बाईने दोन-दोन हजार साठवून फ्रीज घेतला तर ती उधळपट्टी, आणि आपण पाच लाख उसने घेऊन तीन दिवसांत संपवले तर ती प्रतिष्ठा? तिचा फ्रीज रोज चालतो. आपली मांडवातली विजेची कमान दुसऱ्या दिवशी सकाळी उतरते.

ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या चांगले नेसायची, धातूची भांडी वापरायची, पायात चांगली वहाण घालायची मुभा नव्हती, त्यांच्यासाठी खरेदी हा माणूस म्हणून उभे राहण्याचा एक मार्ग असतो. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी स्त्रियांना सांगितले होते की वरच्या जातीच्या बायकांसारखी नीट साडी नेसा, जातीची खूण सांगणारे जड दागिने टाकून द्या. ते बाजारहाटाचे बोलणे नव्हते. अंगावरच्या कपड्यावरून माणसाची पायरी ठरवली जाते, ती पायरी नाकारा, असे ते सांगणे होते.

याची दुसरी बाजू महात्मा फुल्यांनी दाखवली. मार्च १८८८ मध्ये पुण्यात ड्यूक ऑफ कॅनॉट यांच्या सन्मानार्थ मेजवानी होती. भरजरी पोशाखात, हिऱ्यामोत्यांत नटलेली मंडळी जमली होती. फुले तिथे साध्या शेतकऱ्याच्या वेशात गेले. हा देश मेजवानीतल्या माणसांसारखा दिसत नाही, माझ्यासारखा दिसतो, हे त्यांना पाहुण्यांना सांगायचे होते. म्हणजे ज्याला नाकारले गेले त्याने चांगले नेसावे, आणि ज्याला मान मिळालेला आहे त्याने साधे राहून दाखवावे. आपण नेमके उलटे करतो: खालच्याने घेतले की नाक मुरडतो, आणि स्वतः कर्ज काढून नटतो. आपल्याला 'त्यांचा' फ्रीज खुपत नाही. पायऱ्यांमधले अंतर कमी झाले ते खुपते, आणि ते अंतर परत वाढवण्यासाठी आपण लग्नात आणखी दोन पक्वान्ने वाढवतो.

लाज विकणारे आणि लाज विकत घेणारे

ही लाज जाहिरातवाल्यांनी चांगली ओळखली आहे. १९६९ मध्ये अहमदाबादच्या करसनभाई पटेलांनी निरमा काढला आणि महागड्या सर्फच्या मानाने फारच स्वस्तात धुण्याची पावडर घराघरांत पोहोचवली. तेव्हा सर्फने टीव्हीवर ललिताजी आणल्या. स्वस्त वस्तू आणि चांगली वस्तू यांत फरक असतो, हे त्या ठणकावून सांगत. म्हणजे साबण विकताना शहाण्या गृहिणीचा दर्जाही विकला गेला. उलट टाटांची नॅनो पाहा. २००९ मध्ये लाखाच्या आसपास मोटार आली, आणि तरी चालली नाही. २०१८ मध्ये बंद झाली. "सर्वांत स्वस्त मोटार" हा शिक्का बसला तिथेच घात झाला, हे पुढे रतन टाटा यांनी स्वतः कबूल केले. दुचाकीवर चौघे बसून भिजत जातील, पण स्वस्ताची गाडी दारात उभी करणार नाहीत. टाटांसारख्यांचे या लाजेपुढे चालले नाही, तिथे आपल्या एकट्या-दुकट्या घराचे काय चालणार?

आणि इथेच विरोधकांचा एक मुद्दा आम्ही मान्य करतो. ते म्हणतात, "तुम्ही लिहिता ठीक आहे, पण उद्या आम्ही साधे लग्न लावले तर सोयरिकी तुटतील. पोरीला सासरी ऐकावे लागेल." हे खोटे नाही. एका घराने हात आखडला तर लोक त्याला साधेपणा म्हणत नाहीत, "घर बसले" म्हणतात, आणि पुढच्या मुलीचे स्थळ परत जाते. म्हणून "अंथरूण पाहून पाय पसरा" हा उपदेश एकट्याला करून उपयोग नाही. अंथरूण प्रत्येकाचे वेगळे आहे, पण पाय किती पसरायचे हे सगळा समाज मिळून ठरवतो. तेव्हा बदलायचे तर सगळ्यांनी मिळून, आणि वरून सुरुवात करून. ज्याला परवडते त्याने आधी आखडते घेतले, तर ज्याला परवडत नाही त्याची सुटका होते. पाच एकरवाल्याने साधे लग्न केले तर तो गरीब ठरतो. पन्नास एकरवाल्याने केले तर तो रिवाज ठरतो.

हे होत नाही असे म्हणू नका. आपल्याच राज्यात कन्नडचे राष्ट्रकवी कुवेंपु यांनी 'मंत्र मांगल्य' ही साधी विवाहपद्धत मांडली आणि १९६६ मध्ये स्वतःच्या मुलाचे, पूर्णचंद्र तेजस्वींचे लग्न तशाच पद्धतीने लावले. मोठ्याने आधी केले. धर्मस्थळात १९७२ पासून सामुदायिक विवाह होत आहेत. आपल्या बाजूला १८७३ पासून सत्यशोधक लग्नाची परंपरा आहे. आणि गाडगेबाबा तर गावोगाव हेच सांगत फिरले: ताटवाटी नसली तरी चालेल, हलके लुगडे चालेल, पण मुलाला शिकवल्याशिवाय राहू नका. बाबांच्या फोटोला आपण हार घालतो. त्यांचे अंदाजपत्रक मात्र कोणी घरात लावत नाही.

हा राजकारणाचाच प्रश्न आहे

कोणी विचारेल, संघटनेच्या राजकीय पत्रकात साड्या आणि सोन्याची चर्चा कशाला? सीमाप्रश्न, मराठी शाळा, मराठीतून कागदपत्रे, हे विषय सोडून?

म्हणूनच तर. कर्जात बुडालेल्या माणसाचे मत मोकळे राहत नाही. ज्याच्या वहीत आपले पान आहे तो निवडणुकीच्या आदल्या दिवशी ओट्यावर येऊन बसला की आपण काय बोलतो, हे प्रत्येकाने स्वतःला विचारावे. मराठी शाळेतले शिक्षक वाढवा म्हणून निवेदनावर सही घ्यायला गेले की "आमचे नाव नको" असे म्हणणारे भित्रे नाहीत, बांधलेले आहेत. आणि जमीन विकली गेली की पोरगा पुण्याला किंवा हैदराबादला जातो, घराला कुलूप लागते, मतदार यादीतले नाव जाते, शाळेतला एक पट कमी होतो. सीमाभागातली मराठी कोणी बाहेरून येऊन पुसण्याची गरज नाही. एकेका लग्नात एकेक एकर असे करून आपणच ती पुसतो आहोत.

गरीब घरांची अवस्था आणखी वाईट. त्यांना आडत्या उचल देत नाही, म्हणून बाया गटाच्या छोट्या कर्जाकडे वळतात आणि दर आठवड्याच्या हप्त्यात अडकतात. वसुलीची जबरदस्ती इतकी वाढली की २०२५ मध्ये कर्नाटक सरकारला त्याविरुद्ध कायदा करावा लागला. आपली घराणी मांडवाची जी उंची ठरवतात, ती गाठण्यासाठी खालचे घर हप्ता काढते. हे पापही आपल्या खात्यावर आहे.

आम्ही काय मागतो

नुसता ताशेरा ओढून आम्ही थांबणार नाही. येत्या लगनसराईपूर्वी प्रत्येक गावच्या बैठकीत पुढील गोष्टी ठरवाव्यात, अशी आमची मागणी आहे.

एक. देण्याघेण्याच्या साड्या आणि टॉवेल-टोपीचा आहेर पूर्ण बंद. ज्याला द्यायचेच आहे त्याने मुला-मुलीच्या शिक्षणासाठी पाकिटात द्यावे. पत्रिकेवरच तसे छापावे, म्हणजे कोणाला वाईट वाटणार नाही.

दोन. बस्त्याला दोन्हीकडची मिळून पाच माणसे. आणि आळंद-कलबुर्गीच्या दुकानातला बस्ता हा कमीपणा नाही, असे वडीलधाऱ्यांनी बैठकीत उभे राहून सांगावे.

तीन. साखरपुडा, हळद आणि लग्न एकाच दिवशी, एकाच मांडवात.

चार. लग्नासाठी जमीन गहाण टाकायची नाही. ज्या घरावर तशी वेळ येईल त्याच्या मुलीचे लग्न सामुदायिक मांडवात लागेल, आणि त्या मांडवात पहिले लग्न गावातल्या सगळ्यांत सधन घराचे लागेल. ही शेवटची अट सर्वांत महत्त्वाची आहे. ती नसेल तर सामुदायिक विवाह म्हणजे गरिबांचा मांडव, असा शिक्का बसेल आणि नॅनोसारखी त्याची गत होईल.

पाच. खर्चाचा निर्णय घेताना घरातल्या बायकांना आकडा सांगावा. साडीचा रंग त्यांना विचारायचा आणि कर्जाचा आकडा लपवायचा, ही आपली रीत आता बंद व्हावी. ज्या बाईला व्याज ठाऊक असते ती हलकी साडी हसत घेते.

हुंड्याचा उल्लेख या यादीत नाही, कारण तो ठरावाचा विषयच नाही. १९६१ पासून तो गुन्हा आहे. देणारा आणि घेणारा दोघेही.

जुन्या घराण्यांना आमचे एवढेच सांगणे आहे. लोक तुमच्याकडे अजूनही पाहतात, हे खरे आहे. निंबर्ग्यात एखाद्या जुन्या घराने काही केले की आजूबाजूच्या दहा गावांत तसे होते. ती ताकद आजवर आपण मांडवाची उंची वाढवण्यात घालवली. तीच ताकद एकदा ती उंची उतरवण्यासाठी वापरून पाहा. पूर्वजांचे नाव राखायचे तर त्यांनी राखलेली जमीन राखा, त्यांनी शिकवले नसेल तेवढे मुलींना शिकवा. नाव आडनावात नसते, पहाणीत आणि पाटी-पुस्तकात असते.

ज्यांना हे पटत नाही त्यांनी बैठकीला यावे आणि सर्वांसमोर विरोध करावा. आम्ही ऐकून घेऊ. पण येताना गेल्या लग्नाचा पूर्ण हिशेब सोबत आणावा, आडत दुकानातल्या पानासकट.

— संपादक मंडळ